पडद्याला लावलेली उदबत्ती

मी चिखल्याच्या खाण कॉलनीतला एक जुना सिनेमाचा पडदा आहे. मित्रांनो, आंधळगावच्या टिकाराम विणकराने मला हातमागावर विणले. खाणीत एक बंगाली सर्वेअर होते. ते कलकत्त्याहून रिळे मागवत. दर रविवारी माझ्यावर साधी माणसे वावरत. भाड्याच्या खोलीतले कारकून, भात वाढताना गप्प राहणाऱ्या बायका. खरे बोलावे की नोकरी राखावी, एवढ्याच प्रश्नावर सिनेमा संपे. शिफ्ट करून आलेले खाणकामगार डोळे न मिटता पाहत. भाषा कळत नसे, पण पेच कळे.

मग टीव्ही आला आणि मी पेटीत गेलो. कॉलनीच्या हॉलवर कामाला असलेल्या शकुंतलाबाई मात्र हॉल झाडायच्या, मला दरवर्षी ऊन द्यायच्या. तीस वर्षे!

यंदा दिवाळीनंतर नव्या हौशी लोकांनी कमिटी करून बंगाली सिनेमे पुन्हा सुरू केले. पहिल्याच दिवशी सेक्रेटरी वीरेंद्रने माझी पूजा मांडली. आपल्याकडे नाटकाच्या पडद्याची करतात ना, तशी. पण नाटकाचा पडदा जाड असतो, मी पातळ. फोटोसाठी हसताना या शहाण्याने उदबत्ती माझ्यावरच टेकवली. भोक पडले. कमिटीला त्याने सांगितले, "शकुंतलाबाईनं इस्त्रीनं जाळला."

"मी इस्त्री लावलीच नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. कोण ऐकणार? पुढच्या रविवारनंतर कामावर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले.

त्या रविवारी सिनेमात एक कारकून होता. त्याच्या चुकीमुळे म्हातारा शिपाई कामावरून जातो. कारकून साहेबांच्या दाराशी कितीतरी वेळ उभा राहतो. शेवटी आत जातो आणि सांगतो.

पहिल्या रांगेत वीरेंद्र रुमालाने डोळे पुसत होता. शेजारी त्याची बायको राखी.

"अहो, उदबत्ती तं तुमीच टेकवली होती. सांगत काहून नाई?"

"चूप बस न! किती सच्चा माणूस दाखवला, पाहू दे मले."

अशा रडण्याची मला किळस येते.

दिवे लागले. राखी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पडदा यायनं जाळला. मी पाहिलं."

वीरेंद्र हसला. "हिले सिनेमा चढला!" सगळे हसले. मघाशी हीच माणसे नाके ओढत होती. अध्यक्ष पुंडलिकराव म्हणाले, "बाई, नवरा-बायकोचं भांडण घरी करा." मग चहा आला. वास्तववादावर चर्चा झाली.

शकुंतलाबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली आणि माझी घडी न घालताच त्या निघाल्या. त्यांच्यामागे एकटी राखी गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणायला हवे. मी म्हणणार नाही. मला उंदरांनी कुरतडले तरी चालेल. तुम्ही त्या हॉलमध्ये असाल, तर आधी शकुंतलाबाईंच्या घरी जा आणि त्यांना कामावर परत बोलवा. ते जमत नसेल, तर चांगले सिनेमे पाहू नका. तुमच्या डोळ्यांतले पाणी फुकट जाते.