‘गेले’ म्हणजे कुठे गेले?

माझी बाजू कुणी ऐकली नाही. ऐकतील कशी? मी पडले बातमीदाराची स्कूटर. सगळं डोळ्यांदेखत घडलं, पण मला तोंड नाही, नुसता हॉर्न.

कारखान्यातून आले तेव्हा निळी होते. आता रंग कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. बातमीदाराने मला पळवून पळवून खिळखिळी केली. भिंत पडली, चल. आग लागली, चल. पोचला की चपला काढून लोकांच्या घरात बसायचा, खोदून खोदून विचारायचा. शेजाऱ्यालासुद्धा सोडायचा नाही. धूर खाल्ला मी, पण कुरकुर केली नाही.

मग बातम्या फोनवरच यायला लागल्या. हा वर खुर्चीत बसून अंगठा सरकवतो आणि मी कार्यालयाच्या खिडकीखाली उभी. टायर बसतात, जीव वरखाली होतो. वरून संपादकांचं एकच, "दुसऱ्यांनी टाकायच्या आत टाक रे."

त्या सकाळी दवाखान्याच्या गल्लीत आम्ही एका टेम्पोमागे अडकलो. जन्मभर गल्लीला गोळ्या बांधून देणारे कंपाउंडरकाका स्वतः गादी चढवत होते. लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. "जरा थांबा हं, झालंच," म्हणाले. ह्याने खांद्यात फोन दाबलेला. मान वर न करता हॉर्न वाजवला.

दुपारी काकांच्या शेजारणीने फोनवर लिहिलं, "कंपाउंडरकाका गेले. गल्ली सुनी झाली." ह्याने वाचलं आणि चहा निवायच्या आत काकांना फोटोसकट मारून टाकलं.

"अरे, फोन तरी लावून बघ," मुद्रितं तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मेलेला माणूस फोन उचलतो का, बाई?"

वर सगळे हसले. खाली मी तडफडत होते. दोन गल्ल्या तर जायचं होतं.

लेकीने बातमी वाचली तेव्हा काका वाटेतच होते, फोन लागेना. बिचारी लेक जिन्यावरून धावत सुटली ती कोसळलीच. कंबरेचं हाड मोडलं. लेकीच्या हातचं खायला गेलेला म्हातारा आता तिला भरवतो.

काही दिवसांनी काका आले. आवाज चढवला नाही. वर जिना चढवेना, म्हणून संपादक आणि बातमीदार खाली आले.

"मी गेलो नव्हतो हो," काका म्हणाले. "राहायला गेलो होतो. विचारायला कुणीच कसं आलं नाही?"

संपादक बातमीदाराकडे वळले. "का रे, गेला का नाहीस?"

माझी टाकी भरलेली. अजून एका किकेत सुरू होते. बसा की कुणीतरी माझ्यावर, जाऊन बघा की एकदा, असं ओरडावंसं वाटत होतं. बातमीदाराने माझ्या सीटवरच्या धुळीत बोट फिरवलं.

"निघालोच होतो, साहेब. पण ही चालूच होईना."

"ही कोण?"

"स्कूटर."