कोपऱ्यावरचा गंज

ट्रेमध्ये अठ्ठेचाळीस चुंबकं होती. मोटारीत बसणारी, कौलासारखी बाकदार, वरून काळ्या इपॉक्सीचा थर. गंजाच्या चाचणीसाठी मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत दोन दिवस काढून आलेल्या त्या अठ्ठेचाळिसांपैकी एकतिसांवर गंज उमटला होता.

"हात दाखवा," इंजिनिअर ऋतुराज म्हणाला.

रईसाने तळवे पुढे केले. ओलेच होते. शाळेत पेपर लिहितानाही तिला हाताखाली रुमाल ठेवावा लागायचा.

"बघा! हा घाम थराखाली अडकतो. उद्यापासून तुम्ही झाडलोटीला."

"सर, नऊ वर्षं ग्राइंडिंगवर हाय मी. तवा घाम येत नव्हता व्हय? अन् थर द्यायच्या आधी माल धुतातच की."

"मग गंज कुठून आला?"

"कोपरे बघा ना. मी तुकडा मधोमध धरते, गंज सगळा कोपऱ्यांवर. दगडांच्या ड्रममध्ये माल सहा तास फिरायचा, कोपरे गोल व्हायचे. तुम्ही दोन तासांवर आणलं. धारेवर थर बसतच नाय."

"डिस्पॅचची घाई तुम्ही सांभाळता का?"

शेजारच्या मशीनवरून कडूबाई बोलली, "एवढे खारट हात असते तर हिनं घरी मीठ कशाला आणलं असतं, साहेब?"

ऋतुराज हसला नाही.

रईसा मनातल्या मनात चरफडत होती. कोपऱ्यावरून नख फिरवलं की तिला कळायचं. अडकलं तर कोपरा कच्चा, सरकलं तर गोल झाला. पण तपासणीच्या कुठल्याच तक्त्यात नखासाठी रकाना नव्हता.

"चोवीस तुकडे द्या," ती म्हणाली. "बारा दोन तास फिरवा, बारा सहा तास. दोन तासवाल्यांना मोजे घालून कुणीबी हात लावा. सहा तासवाले मी उघड्या हातानं धरते. गंजले तर झाडू कशाला, घरीच बसते."

"लिहून द्याल?"

"द्या कागद."

सही झाली. कागद तळव्याला चिकटला, तो तिने सोडवून त्याच्यासमोर ठेवला.

तुकडे फिरले, सहा तासवाले रईसाने उघड्या हातांनी धरले, मग सगळे धुतले गेले, थर चढून पेटीत गेले. तोवर रईसा झाडत होती. मशीनखालची काळी भुकटी, कडूबाईच्या स्टुलाखालची, स्वतःच्या मशीनखालचीही. तिच्या मशीनवर दुसरंच कुणी बसलं होतं.

चौथ्या दिवशी पेटी उघडली. ऋतुराजने भिंग घेऊन एकेक तुकडा पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून. रईसा झाडू हातात धरून उभी होती. त्याने खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं :

दोन तास, हातमोजे : गंजलेले बारापैकी नऊ.
सहा तास, उघडे हात : गंजलेले बारापैकी शून्य.