बॉनेटखालचा श्वास

मित्रांनो, ज्या हवेत तुम्ही जन्मल्या क्षणापासून श्वास घेता, ती हवा माझ्या आयुष्याच्या पूर्वार्धात मी कधी चाखलीसुद्धा नव्हती.

मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. अंग अॅल्युमिनियमचे, आकार एखाद्या कलिंगडाएवढा. एका टोकाला पट्टा धरणारी पुली, पोटात लहान लहान दट्टे आणि वरच्या अंगाला दोन तोंडे. एकाने आत घ्यायचे, दुसऱ्याने दाबून बाहेर द्यायचे. मला डोळे नाहीत. जगाची ओळख मला दाबावरून होते, आणि बॉनेट उघडे असले की आवाजांवरून; पाहिल्यासारखे जे सांगेन, ते नंतर माणसांच्या बोलण्यातून कळलेले.

कारखान्यातून निघालो तो थेट एका पांढऱ्या मोटारीत बसलो. ती मोटार शेगावच्या स्टेशनवरून भाविकांना लॉजवर नेत असे. बाहेर वैशाखाचे ऊन आणि आत माझ्यामुळे गारवा. दार लावून घेताच माणसे म्हणत, "अहाहा, काय थंडगार वाटते!" आणि समोरच्या जाळीपुढे हात धरत. कौतुक जाळीचे होई. माझ्याकडे येणारा वायू मात्र बंद नळ्यांत कोंडलेला होता. मी त्याला दाबून पुढे लोटावे आणि घाण्याच्या बैलासारखे फिरून त्याने पुन्हा माझ्याच दारात यावे. जग एवढेच असते, असे मी समजत होतो.

मग मोटार म्हातारी झाली. तिचे इंजिन एकीकडे गेले, दारे दुसरीकडे, आणि मी खामगावातल्या एका भंगाराच्या ढिगावर येऊन पडलो. माझी दोन्ही तोंडे उघडी होती. एका कुंभारमाशीने ओली माती आणून त्यांतल्या एकात घर बांधले. नको असलेल्या वस्तूच्या तोंडात कोणीही माती घालतो, हे मी तेव्हा शिकलो.

तेथून मला उचलले ते देवानंदने. त्याने तंत्रनिकेतनात शिक्षण घेतले होते आणि गावात त्याचे छोटेसे वर्कशॉप होते. माती काढून त्याने मला धुतले, पुसले, तेल पाजले आणि मग धाकट्या बहिणीला हाक मारली. ती धम्मशीला, जनावरांची डॉक्टर. खेड्यापाड्यांत ती जुन्या फोर-व्हील जीपने फिरत असे.

"दादा, भंगारातलं लावून राह्यला का माह्या गाडीले?"

"भंगारात पडलं म्हणून भंगार होत नाई, धम्मे. अंगठा ठेव इथं."

तिने माझ्या दुसऱ्या तोंडावर अंगठा दाबून धरला. देवानंदने हाताने पुली फिरवली.

"अगं बाई! लोटून राह्यलं ना हे!"

"मंग? जीव हाये त्यात."

मला गाडीत बसवण्यामागे एक दुखरी आठवण होती. आदल्या पावसाळ्यात पिंपळगाव राजाच्या शिवारात एका गायीला पोटफुगी झाली होती. पोटात वायू कोंडला की जनावर घटकाभरात जाते. धम्मशीला निघाली तत्परतेने; पण काळ्या मातीत जीप रुतली. उरलेली वाट तिने चिखल तुडवत पायी कापली. ती गोठ्यात पोचली तेव्हा गाय गेली होती. त्या दिवसापासून तिच्या मनाने एकच ध्यास घेतला: पुढच्या वेळी वेळेवर पोचायचे.

देवानंदने तिला शास्त्र समजावले. "टायर टणक असला का काळ्या मातीत सुरीसारखा घुसते. हवा कमी केली का भाकरीसारखा पसरते, अन् गाडी वरच्यावर चालते. पण डांबरी रस्त्यावर आलं का हवा परत भराव लागते, नाई तं टायर तापून फुटते."

"वावरात हवा कुठून आणू?"

"म्हणून तं हे बसवून राह्यलो."

मित्रांनो, यंत्र बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. देवानंदने इंजिनाच्या बाजूला जाड लोखंडी पट्टीचे बसकण तयार केले. पट्टा चढवला तर तो किंचाळू लागला, कारण माझी पुली इंजिनाच्या पुलीच्या रेषेत नव्हती. फरक नखाएवढाही नसेल. त्याने एक दोरा ताणून दोन्ही पुल्यांच्या कडांना लावला, बसकण काढले, कापले, पुन्हा जोडले. पट्टा मुका झाला. नंतर त्याने माझ्या तोंडाला साधी प्लॅस्टिकची नळी लावली. दाबलेली हवा किती तापते याबद्दल त्याचा अंदाज चुकला आणि नळी मेणासारखी लोंबली. धम्मशीला हसता हसता खाली बसली. "इंजिनिअरसाहेब, नळीले ताप आला!" देवानंदही हसला आणि उष्णता सोसणारी नळी घेऊन आला.

सर्वांत नाजूक प्रश्न तेलाचा होता. माझा जुना वायू स्वतःबरोबर तेल घेऊन फिरत असे. मोकळी हवा कोरडी. तिच्यावर मी चाललो तर घासून घासून जाम होणार. म्हणून माझ्या आत घेण्याच्या तोंडाशी थेंब थेंब तेल देणारी बाटली आली. पुढे तेल गाळणारे भांडे, त्याच्यापुढे हवा मागे येऊ न देणारी झडप आणि गाडीच्या पोटाखाली हवेची टाकी. टाकीच्या तळाला पाणी सोडायची एक बारकी तोटी होती. मला चालू-बंद करण्यासाठी चालकासमोर एक बटण बसले.

हे चालू असताना शेषराव पाटील ट्रॅक्टरचा हुक जोडून घ्यायला आले. पिंपळगाव राजाचे मोठे जमीनवाले कास्तकार, आवाजही वावराएवढा.

"काय करून राह्यला बे देवानंदा?"

"जीपमंधी हवेचं यंत्र बसवतो, काका."

"हवेचं? काऊन, पंक्चरवाले काय हिमालयात गेले?"

"वावरात पंक्चरवाला भेटते का?"

"वावरात माहा ट्रॅक्टर भेटते ना! गाडी फसली का मले बलाव. हवेनं का काई उचलते बाप्पा? फुगे उचलते फुगे!"

ते गेले. देवानंदने इंजिन सुरू केले आणि धम्मशीलाने बटण दाबले.

तो क्षण मी कसा सांगू? चाचणीतले एकदोन घोट सोडले, तर हा माझा पहिला पुरता श्वास. माझे तोंड उघडले आणि आत आली ती हवा; कोंडलेला, ओळखीचा वायू नव्हे. तिच्यात धूळ होती, वेल्डिंगचा धूर होता, कुठल्याशा कापसाच्या जिनातल्या सरकीचा वास होता. ती चारी दिशांनी आली. मी तिला दाबून टाकीत लोटले आणि वाट पाहिली की आता ती परत येईल. ती आली नाही. तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी. हिला अंतच नव्हता! आभाळाच्या टोकापर्यंत जे पसरले होते त्याच्या काठाला माझे इवलेसे तोंड लागले होते. नदी पहिल्यांदा पाहणाऱ्या विहिरीतल्या माशासारखा मी दिपून गेलो.

त्यानंतर आमची जोडी जमली. कच्च्या वाटेवर शिरताना धम्मशीला टायरांतली हवा सोडी, डांबरावर येताच मी ती भरून देई. रोज काम संपले की ती टाकीखालची तोटी उघडी. सूंऽऽ करून दमट हवेचे साचलेले पाणी बाहेर पडे. तेलाची बाटली ती औषधाच्या बाटलीसारखी उजेडात धरून पाही.

चैत्र संपत आला होता. पिंपळगाव राजाच्या तलावाचे पाणी आटून मध्यात डबक्याएवढे उरले होते, आणि एका सकाळी फोन आला. बॉनेट उघडे होते, म्हणून मीही तो ऐकला.

"डॉक्टरीनबाई, माही टिकली फसली वं गाळात! गाभण हाये वं ते. धावा!"

बोलत होत्या तिथल्याच विमलबाई. घरी त्या एकट्याच. कपाळावर पांढरा ठिपका असलेली टिकली ही त्यांची म्हैसही होती आणि दिवसभर बोलायला सोबतही.

तलावाच्या काठाला धम्मशीलाने टायर मऊ केले. जीप भेगाळल्या कोरड्या गाळावरून सावकाश आत गेली. म्हैस पोटापर्यंत रुतलेली होती. शेषरावांचा ट्रॅक्टर आधीच येऊन उभा होता, आणि भोवती गावातल्या बाया आणि पोरे जमली होती.

"सरका साऱ्याजणी! शिंगाले दोर बांधतो अन् एका हिसक्यात काढतो."

"काका, हात लावू नका शिंगाले!" धम्मशीला ओरडली. "मान मोडंल तिची. पाय खुब्यातून निसटतीन."

"मंग काय आरती ओवाळू?"

"चिखल कसा धरते सांगू? पाय वर ओढला का खाली पोकळी होते. पोकळीत हवा शिरत नाई, म्हणून वरची सारी हवा तिले खाली दाबून धरते. आपण जितकं ओढतो, तितकी ते घट्ट होते."

हे ऐकताच माझे दट्टे जणू जागच्या जागी थबकले. टिकलीला धरून ठेवणारा चिखल नव्हता तर! ती होती हीच हवा, जिला मी रोज घोटाघोटाने पीत होतो. एवढी हलकी, आणि एवढी भारी!

"खाली हवा गेली का सुटंल," धम्मशीला म्हणाली. "काका, तुमच्या तुषार सिंचनाच्या संचातली एक उभी लोखंडी नळी द्या. अन् बायांनो, घरातल्या बाजेची नवार सोडून आणा. कुटाराचे पोतेही आणा."

शेतात पाणी उडवायची ती नळी माझ्या लांब नळीच्या टोकाला घट्ट बांधली गेली. धम्मशीला गाळात मांड्यांपर्यंत उतरली, म्हशीच्या पायाला खेटून तिने नळी खोल खुपसली. तिच्या सांगण्यावरून जीपमध्ये बसलेल्या एका पोराने बटण दाबले.

मला फक्त दाब कळत होता. नळीच्या टोकाशी एक भिंत होती, ओली आणि जड. मी लोटले, ती हलली नाही. मी आणखी लोटले. मग भिंतीला कुठेतरी एक केसाएवढी चीर गेली आणि हवा निसटली. बाहेर कोणीतरी म्हणाले, "पाह्य बे, गाळ भातासारखा रटरटून राह्यला!"

एक पाय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मी इतका तापलो की माझ्या अंगावर पडलेला थेंब चर्र झाला. धम्मशीलाने हात उंचावला. "बंद करा. त्याले थंड होऊ द्या."

"थांबू नको वं पोरी!" विमलबाईंचा आवाज फाटला. "तिनं मान टाकली वं!"

"मावशी, हे जाम झालं तं टिकली इथंच राहीन. दोघांलेही दम घेऊ द्या."

मी थांबलो. तो थोडा वेळ मला फार मोठा वाटला. तेवढ्यात विमलबाई म्हशीचे डोके मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत होत्या: "उठजो माय. आपल्याले घरी जायाचं हाये." बाकीच्यांनी गाळावर कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती अंथरली, पोटाखालून आणि मागच्या मांड्यांमागून रुंद सुती पट्टीची नवार घेऊन तिची टोके ट्रॅक्टरला बांधली. शेषराव ट्रॅक्टरवर जाऊन बसले.

पुन्हा बटण. चौथा पाय.

"काका, हळू! अगदी हळू!"

"सांगू नको, बैल हाकलेत म्या," ते म्हणाले. पण ट्रॅक्टर खरोखरच हळू निघाला. मी लोटत राहिलो. एकाएकी नळीच्या टोकाची भिंत नाहीशी झाली. समोर काहीच उरले नाही, आणि मोठ्या बुडबुड्यासारखा एक आवाज काठापर्यंत घुमला: भस्सऽऽ! गाळाने पाय सोडले होते. टिकली पोत्यांवर घसरत आली, बराच वेळ पडून राहिली आणि मग थरथरत उभी राहिली. विमलबाईंनी तिच्या कपाळाचा ठिपका पदराने पुसला.

शेषराव जीपपाशी आले. उघड्या बॉनेटमध्ये डोकावून त्यांनी विचारले, "कोणतं वं ते?" धम्मशीलाने माझ्याकडे बोट केले.

"एवढुसं?" ते म्हणाले, आणि आणखी खाली वाकून मला निरखू लागले.

भाद्रपदात विमलबाईंचा पुन्हा फोन आला. टिकलीला कळा लागल्या होत्या आणि पारडू अडले होते. शिवार काळ्या चिखलाने भरले होते. टायर मऊ केले आणि जीप कुठेही न रुतता गोठ्याच्या दारात पोचली. एका गायीच्या बाबतीत जे साधले नव्हते ते त्या दिवशी साधले. धम्मशीलाने पारडू सोडवले. वगार झाली, म्हणजे मादी पारडू. पण वगार हालेना.

"श्वास नाई वं घेत!" विमलबाई म्हणाल्या.

शेषराव गोठ्यात होतेच. ते जीपकडे धावले, बॉनेट उघडले. "अवो, लावा ना ते हवेचं! आणा नळी!"

"नाई काका!" धम्मशीला म्हणाली. "टायरात हवा भरतात. जीवात भरत नसतात. त्या दाबानं फुफ्फुस फाटंल तिचं. श्वास तिनंच घ्यावा लागते."

तिने वगारीच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, गवताची एक काडी नाकपुडीत हलकेच फिरवली आणि गोणपाटाने छाती चोळू लागली.  माझ्या टाकीत भरपूर दाब होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळले की काही ठिकाणी माझे काम केवळ गप्प राहण्याचे आहे.

मग एक शिंक आली. बारीकशी, ओली. आणि तिच्यामागे एक लांब, खरखरता, आत ओढला जाणारा आवाज. तो आवाज मी ओळखला. वर्कशॉपमध्ये बटण दाबले तेव्हा माझ्या तोंडातून तोच निघाला होता. पण तिला पट्टा नव्हता, पुली नव्हती, तेलाची बाटली नव्हती. आभाळाएवढ्या त्या हवेने एवढ्याशा नाकपुडीतून वाट काढली आणि वगार जगात आली.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत आणि पुली थोडी खरखरते. तुमच्या घरीदारी माझ्यासारखी कितीतरी यंत्रे मुकाट काम करत असतील. त्यांचे कौतुक नाही केले तरी चालेल; पण दिवसाकाठी त्यांच्या पोटातले साचलेले पाणी सोडा, दोन थेंब तेल द्या, तापली तर दम घेऊ द्या. आणि ज्याला जीव आहे, त्याच्याशी वागताना माझ्यासारखा जोर लावू नका. त्याला गवताची एक काडी पुरते.

वगार जन्मली त्या संध्याकाळी निघताना धम्मशीलाने टाकीची तोटी उघडली. सूंऽऽ आवाज झाला. गोठ्यातल्या वगारीने कान टवकारले आणि नाक फेंदारून तीही फुसकन श्वास सोडती झाली. मला उत्तर देणारे कोणी मला पहिल्यांदाच भेटले होते.