दहा वर्षांची घासाघीस

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही असं कुणी म्हणालं, तर तो ह्यांचं गिऱ्हाईक नव्हता एवढं नक्की समजावं. शिंपी माणूस. कोटाचं कापड अजून घडीतच असायचं आणि हे समोरच्याला सांगायचे, "झालाच आहे, फक्त बटणं राहिलीत." काज-बटणं माझ्याकडे, त्यामुळे बोलणीही मीच खायची. सगळा संसार असा गेला. मला त्याचा राग होता आणि सवयही झाली होती.

मग ह्यांची फुप्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टरांनी ह्यांना समजेल असं सांगितलं: आतलं मऊ कापड कॉलरच्या कॅनव्हाससारखं होत चाललंय, श्वास घेतला तरी फुगत नाही. कशामुळे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आधी दुकान संध्याकाळचं बंद झालं, मग दुपारचं, मग कायमचं. शिलाई मशीन वर घरात आणलं आणि त्यावर आम्ही वाळलेले कपडे टाकायला लागलो. त्याच्या शेजारी दुसरं एक मशीन आलं, दिवसभर घरघरणारं, त्याची नळी ह्यांच्या नाकात.

एक गोळी होती. ती बरं करत नव्हती, पण कडक होणं लांबणीवर टाकत होती. विकत घ्यायची म्हटली असती तर दुकान विकूनही वर्षभर पुरली नसती. ती सरकारी विम्यातून द्यायची की नाही, हे एक मंडळ ठरवणार होतं. आमच्यासारख्यांचं जगणं त्या मंडळाच्या हातात होतं आणि मंडळातल्या कुणालाही आम्ही पाहिलेलं नव्हतं.

दवाखान्यात आमचा एक बाक होता. या आजाराचे सगळे तिथेच बसायचे, बहुतेकांच्या पायाशी ऑक्सिजनची नळकांडी. सगळे ह्यांना मास्तर म्हणायचे. फक्त एक मुलगी ह्यांना काका म्हणायची. ती पोस्टात खिडकीवर बसायची, बाकावरची सगळ्यांत लहान, अजून तिशीसुद्धा गाठलेली नव्हती. तिला या म्हाताऱ्यांच्या आजारानं कुठे गाठलं कोण जाणे. माझा तिच्यावर जीव होता, आणि ह्यांचा माझ्याहून जास्त.

एकदा डॉक्टरांनीच सांगितलं की मंडळाकडून एक बाई प्रत्येकाच्या घरी येणार आहे, तब्येतीबद्दल विचारायला, आणि त्या उत्तरांवर बरंच अवलंबून आहे. झालं. बाकावर सभा भरली आणि मास्तरांनी अध्यक्षपद घेतलं.

"हे बघा, रडगाणं गायचं नाही," हे म्हणाले. मधे श्वास घ्यायला थांबले, आणि सगळे थांबले. "पैसा कुणावर लावतात? ज्याच्यात अजून दम आहे त्याच्यावर. माझ्याकडे कुणी कोट आणला अस्तर बदलायला, तर मी आधी वरचं कापड बघतो. विरलेलं असेल तर परत पाठवतो. त्या बाईला दिसलं पाहिजे की आपलं कापड चांगलंय. फक्त आतलं बदलायचंय."

"म्हणजे काय सांगायचं, काका?" पोस्टातलीनं विचारलं.

"बरं चाललंय म्हणायचं. काय विचारेल त्याला, बरं चाललंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटत होतं की मीसुद्धा हलवली. पडत्याच्या मागे कोण उभं राहतं?

आमच्याकडे ती बाई येणार त्या सकाळी ह्यांनी मला कामाला लावलं. श्वासाचं मशीन स्वयंपाकघरात न्यायचं, वर पडदा ओढायचा. कपडे उचलून शिलाई मशीन पुसायचं, त्यावर अर्धवट शिवलेली बाही ठेवायची, जणू आत्ताच हातातून खाली ठेवलीय. स्वतः कोट घातला. मी म्हणाले, "अहो, नळीशिवाय किती वेळ बसाल?" तर म्हणाले, "ती जाईपर्यंत." मी चिडून मशीन ओढत नेलं. ओढताना ते आणखी जोरात घरघरलं.

बाई शांत, नीटनेटकी, आमच्या धाकट्या जावेच्या वयाची. मी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं. तिनं आधीच सांगितलं की ह्यांच्या वतीनं मी उत्तर द्यायचं नाही, सुचवायचंही नाही. "आणि या उत्तरांचं पुढे काय होतं?" मी विचारलं. "ते आम्हाला आधी सांगता येत नाही," ती म्हणाली, "सांगितलं तर उत्तरं बदलतात."

मग सुरू झालं. चालायला त्रास होतो का? नाही. आंघोळ, कपडे? माझं मी करतो. रोजची कामं? हे मशीनकडे बोट दाखवून हसले. दुखतं-खुपतं? अधूनमधून, वय झालं. मन उदास असतं का? "हिच्याबरोबर राहतो, उदास व्हायला वेळ कुठे मिळतो?" बाईसुद्धा हसली. मी कोपऱ्यात ओठ दाबून बसले होते. ह्यांना मोजे मी घालते. गेल्या महिन्यात ह्यांना माणसांनी खुर्चीत बसवून चार जिने खाली नेलं होतं.

शेवटी बाईनं दोन कार्डं टेबलावर ठेवली. "आता एक कल्पना करायची. समजा, तुमच्याकडे आज आहे तशा तब्येतीत दहा वर्षं आहेत. त्याऐवजी पूर्ण निरोगी आयुष्य मिळणार असेल, पण कमी वर्षांचं, तर दहातली किती वर्षं तुम्ही सोडून द्याल?"

ह्यांचे डोळे बारीक झाले. मला ते डोळे चांगले ठाऊक होते. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा ते तसे व्हायचे.

"एकही नाही," हे म्हणाले.

"एकही नाही? नीट विचार करा. एक वर्ष? सहा महिने?"

"एक दिवस नाही. आहे ते बरं आहे."

तिनं लिहून घेतलं, आभार मानले आणि गेली. दार लागल्या लागल्या मी मशीन आणलं. ओठ निळे पडले होते ह्यांचे. नळी लावल्यावर बऱ्याच वेळानं बोलता आलं, तर काय बोलले? "घासाघीस करायला आली होती. मी पाच म्हटलं असतं तर पाच कापून घेतली असती." आणि खूश होऊन मान मागे टेकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं, काय करणार.

मंडळाची बैठक सर्वांना खुली होती. मी ह्यांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. पोस्टातलीला ताप होता, ती आली नव्हती. बाकावरचे बाकीचे मागच्या रांगेत बसले. पुढे पडद्यावर मोजणीबाईचे आलेख.

ती सावकाश, समजेल असं बोलली, हे मी मान्य करते. ती म्हणाली, कुठल्याही औषधाकडून आपण दोन गोष्टी विकत घेतो, जास्त आयुष्य आणि जास्त चांगलं आयुष्य. या गोळीनं आयुष्य थोडं वाढतं. चांगलं किती होतं ते बघायला आधी आज किती वाईट आहे हे कळायला हवं, आणि ते रुग्णांनाच विचारलं. रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यांचं आजचं जगणं निरोगी माणसाच्या फार जवळ आहे. बहुतेकांना ते बदलण्यासाठी आयुष्यातलं काहीच सोडायचं नाही. म्हणजे गोळीनं भरून काढायला जागाच थोडी उरते. तेवढ्याच पैशात कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या येतात, आणि तिथे एका रुपयाला कितीतरी जास्त आयुष्य मिळतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पडद्याकडे बघत होते, तोंड किंचित उघडं.

मी उभी राहिले. परवानगी मागायची असते हे मला माहीत नव्हतं. "खोटं आहे ते सगळं," मी म्हणाले. "ह्यांना मोजे मी घालते. रात्री बसून झोपतात. तुमच्या बाई आल्या तेव्हा मशीन पडद्याआड लपवलं होतं मी. हे सगळे असेच बोललेत, कारण सगळ्यांना वाटलं की बरं आहे म्हटलं तर औषध मिळेल."

मागून कुणीतरी "खरं आहे" म्हणालं. मग ह्यांनी हात वर केला. नळीतून हवा ओढत, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "मी खोटं बोललो. आता विचारा. पाच देतो. सहा देतो."

अध्यक्ष वयस्कर होते, आवाज मऊ. म्हणाले, "मला तुमच्याबद्दल फार वाईट वाटतंय, आणि तुमच्या पत्नी म्हणतात ते खरंही असेल. पण आता तुम्हाला उत्तराचा उपयोग कळला आहे. तो कळल्यावर कुठलाही माणूस जास्तच सांगेल. पुढच्या आजाराचे लोकही मग तसंच करतील, आणि आमच्याकडे मोजायला काहीच उरणार नाही. आधीची उत्तरंच धरावी लागतील." मग म्हणाले, "दोन वर्षांनी पुन्हा अर्ज येऊ शकतो. नव्या रुग्णांना विचारून."

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर ओरडेन. पण त्यांच्या बोलण्यात मला कुठे उसवलेलं सापडेना, आणि त्याचाच जास्त संताप आला. ती बाळं कुणाची तरी होतीच ना. गोळी नामंजूर झाली. पुढचा विषय गुडघ्यांचा होता.

घरी येईपर्यंत हे बोलले नाहीत. नंतरही नाहीत. मी दोनदा भांडण उकरून पाहिलं, म्हटलं, "तुमची ती अध्यक्षगिरी." तर नुसते हात हलवत राहिले, बोटांत सुई असल्यासारखे. मग मी भांडणं सोडून दिलं. भांडायला समोर माणूस तरी हवा.

पुढच्या फेरीला दवाखान्यात गेलो तेव्हा बाकावर जागा जास्त होती. पोस्टातली आली होती. आता तिच्याही पायाशी नळकांडी होती, आणि बरोबर आई. आम्हाला बघितल्यावर तिनं आईला पाणी आणायला पाठवलं. पाण्याची बाटली तिच्या पिशवीतून डोकावत होती.

"काका, तुम्हाला एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "फोनवर धीर झाला नाही. माझ्यामुळे गेलं सगळ्यांचं."

"काय गेलं?" मी विचारलं.

"गोळी. मी काकांनी सांगितलं तसंच सगळं बोलले, बरं चाललंय, बरं चाललंय. पण शेवटी तो दहा वर्षांचा प्रश्न आला ना, तेव्हा तोंडातून निघून गेलं. चार सोडेन म्हटलं." ती मान खाली घालून नळीशी चाळा करत होती. "आई माझे केस धुते. मधेच दम लागतो मला, मग ती साबण तसाच ठेवून थांबते, पाणी गार होतं. ते डोक्यात आलं आणि बोलून गेले. त्या बाईंना वाटलं असणार, हिच्यात काही राम राहिला नाही, हिच्यावर कशाला घालवायचे पैसे. तुम्ही सगळ्यांनी नीट सांगितलं, आणि मी घाण केली."

मला बोलता आलं असतं. पण हे बोलायला हवेत असं मला वाटत होतं, आणि मी ह्यांच्याकडेच बघत राहिले.

"नाही गं पोरी," हे म्हणाले. "उलटं होतं ते. जितकं जास्त... सोडू म्हणाल... तितकं औषध लागतं, असं धरतात. तुझंच बरोबर होतं. चुकलो आम्ही. मी शिकवलं ते चुकीचं."

तिला समजायला वेळ लागला. कपाळावर आठी घालून ती मनात मांडून बघत होती, पोस्टाच्या खिडकीवर वजन बघून तिकिटं ठरवायची तशी. रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते की ती रागावेल.

"म्हणजे मी जास्त सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"सात होतं माझ्या मनात." तिचा आवाज अगदी साधा होता. "सातच म्हणणार होते. मग तुमचं आठवलं, म्हणून चार केलं."

तिची आई रिकाम्या हातानं परत आली आणि तिच्या शेजारी बसली. हे खाली फरशीकडे बघत होते, खांदे नुसते वरखाली होत होते, आणि ह्यांचा हात माझ्या बाजूला बाकावर उताणा पडला होता. तो मी धरावा असं ह्यांना वाटत होतं, ते मला कळत होतं. मी धरला नाही. त्या वेळी मला ते जमलं नाही.