रुळाला कपाळ टेकणारी शीला

मित्रांनो, मी रेल्वेच्या रुळाचा हातभर जुना तुकडा आहे. मला कान नाहीत. तरी आवाजाबद्दल मी तुम्हाला थोडं सांगू शकतो, कारण माझा सगळा जन्म थरथरण्यात गेला.

पुष्कळ वर्षं मी जऊळक्याजवळ गिट्टीवर पडून होतो. गाडी दिसायच्या कितीतरी आधी तिचा कंप माझ्या अंगातून धावत यायचा. माणसं मात्र उशिरा माना वळवत. मला नवल वाटे, हा कंप त्यांच्यापर्यंत पोचतो तरी कसा?

पुढे रूळ बदलले. माझा तुकडा मानोऱ्याजवळच्या तांड्यावरील शाळेत आला आणि हिवराच्या फांदीला टांगला गेला. खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई मला हातोडीने ठोकतात. इथेच, रुचा मॅडम पहिलीला शिकवत असताना, माझं कोडं सुटलं. मी थरथरतो, मग भोवतालची हवा थरथरते. ती थरथर कानात शिरते आणि आतल्या पातळ पडद्याला हलवते. तेव्हा माणूस म्हणतो, "घंटा झाली!"

यंदा शीला पहिलीत आली. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. या वर्षी मात्र तिला आजीजवळ, गोमतीबाईंजवळ ठेवायचं ठरलं होतं. घंटा झाली की सगळी मुलं पळत. शीला हापशाजवळ खडे मांडत बसलेली.

"काहून वं पोरी, किती ठोकू? कानात बोंडं कोंबले का?" चतुराबाई ओरडत. मुलं खो-खो हसत.

दिवाळी जवळ आली तशी गोमतीबाई शाळेत आल्या. "मॅडम, पोरगी मनाची राजी हाय. जवळ गेलं त ऐकते, दुरून हाक मारली त ढिम्म! इले टोळीसंगं जाऊ द्या. मायच्या हाताखाली मोळ्या तरी बांधन."

"चार दिवस थांबा, आजी," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी डब्यांचा खेळ मांडला. डोळे मिटायचे आणि डबा हलला की आत तूर आहे की तीळ, ते सांगायचं. शीलाला एकही ओळखता आला नाही. मुलं हसली. ती रुसून माझ्याजवळ आली आणि माझ्या गार अंगाला कपाळ टेकून उभी राहिली.

चतुराबाई तेव्हा फांदीत अडकवलेली हातोडी काढायला आल्या. त्यांची बांगडी मला हळूच लागली. शीला दचकली.

"बाई, हे गाते!"

चतुराबाई थबकल्या. त्यांनी नखाने मला दोनदा टिचकी मारली. "किती झाले?"

"दोन!"

मग तिला चार पावलं मागे नेलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा टिचकी मारली. शीला पायाने माती उकरत राहिली. तिला काही कळलंच नव्हतं.

"मॅडम, इकडं या बरं! पोरगी आडमुठी नाही वं. इले ऐकूच येत नाही!"

मॅडमनी स्वतः टिचक्या मारून पाहिल्या. त्या म्हणाल्या, "थरथर कपाळाच्या हाडातूनही आतल्या कानात जाते. म्हणजे आत ठीक असेल, कानाची बाहेरची वाट बुजली असेल."

वाशीमच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही कानांतून तेलाने काळा पडलेला, मळाने घट्ट झालेला कापूस निघाला. गोमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. "मागच्या साली टोळीसंगं जाताना उघड्या ट्रॅक्टरवर लेकराले वारं लागू नये म्हनून मीच ठेसला होता वं! निघून गेला असंन म्हनलं, अन् वरून तेल सोडत राह्यली."

हे कळलं त्या दिवसापासून चतुराबाईंनी बोंडांची थट्टा सोडली.

दिवाळीनंतर टोळी गेली. शीला राहिली. पहिल्या टोल्याला ती हापशाजवळून अशी वळली, की हातातले खडे सांडले. आता ती सगळ्यांच्या आधी पोचते, आणि माझी थरथर विझेपर्यंत कपाळ टेकून उभी राहते. तिच्या मागे मुलांची रांग लागते.

मित्रांनो, कानात तेल, काडी, कापूस काही घालू नका. दुखलं, कमी ऐकू आलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी हाकेला वळलं नाही, तर त्याला आडमुठा म्हणण्याआधी चार पावलं चालून त्याच्याजवळ जा. मी टांगलेला आहे, मला जाता येत नाही. तुम्हाला पाय आहेत.