सोन्याखालचा दात

बुरुलचाच्या हातातून दुधाची बादली पडली तेव्हा घोडी बुजली नाही. बुजला तिचा नवरा, जुमागाझी.

तशी साधी गोष्ट. बादल्या पडतात. पण ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून घोड्या पिळत होती, आणि लाथ बसली तरी थेंब सांडू देत नव्हती. आज लाथ नाही, काही नाही. दूध सगळं गवतात गेलं, आणि ती आपल्या डाव्या हाताकडं बघत बसली, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता.

"काय झालं गं?"

तिनं बोलायला तोंड उघडलं, तर जीभच वळेना. "काई... नाई..." एवढंच कसंबसं बाहेर आलं. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. जुमागाझी धावत गेला, तिला धरून खाली बसवलं. थोड्या वेळानं हात हलला, जीभही सुटली. तिनं बादली उचलली, ओढणीनं तोंड पुसलं.

"मुंग्या आल्या होत्या हो. जा तुम्ही, मेंढ्या वरच्या अंगाला गेल्यात बघा."

मेंढ्या गेल्या खड्ड्यात. जुमागाझी सरळ जीपकडं गेला.

ताप तिला कुरणावर आल्यापासूनच होता. संध्याकाळी यायचा, घामानं अंथरूण भिजवायचा, सकाळी निघून जायचा. सांधे धरायचे. आता असा ताप आला की त्या खोऱ्यात कुणी डोकं खाजवत बसत नाही. वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की कोपरापर्यंत हात घालून कोकरं ओढायची, आणि मग मेंढ्यांचा तो ताप माणसाला लागायचाच. जुमागाझीला लागला होता. त्याच्या आईला, सुयुमकान म्हातारीला, दोनदा. गोळ्या कुठल्या हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारीनं पेटीतून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढून सुनेला दिल्या. ताप उतरला.

"बघ! उतरला की नाही? म्हणजे तोच," म्हातारी म्हणाली.

गोळ्या संपल्या, ताप परत आला. "हट्टी आहे मेला," म्हातारी म्हणाली आणि शेजारच्या यर्तमधून, त्या लोकरीच्या गोल तंबूतून, आणखी गोळ्या मागून आणल्या. तो परत उतरला, परत चढला. मग झऱ्यावरून पाणी आणताना बुरुलचाला धाप लागायला लागली. नखांखाली बारीक काळपट रेघा दिसायला लागल्या. सरपणाची कुसळं असतील, असं जुमागाझीला वाटलं.

पण तोंड वाकडं करणारा मेंढ्यांचा ताप त्यानं कधी बघितला नव्हता.

"कुठं निघालास?" म्हातारी यर्तच्या दारात.

"दवाखान्यात."

"वरचं ताजं कुमीस सोडून खाली माशा मारायला? हे घोडीचं आंबवलेलं दूधच पाजत राहा, आठवड्यात उड्या मारील."

"अपा, बाजूला हो," तो आईला म्हणाला.

म्हातारी बाजूला झाली खरी, पण मागच्या सीटवर चढूनच. "माझ्या सुनेला एकटीला नाही सोडायची मी त्या डॉक्टरांच्यात."

वाटेत नदी. सकाळी तिच्यातून कोंबडीसुद्धा जाईल, पण ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर तीच नदी घोडा ओढून नेते. ते पोचले तेव्हा पाणी गढूळ झालेलं. पलीकडून एक गुराखी हात हलवत ओरडत होता, "आके, दादा, आज नको! उद्या सकाळी या!"

जुमागाझीनं मागं वळून बघितलं. बुरुलचाचे ओठ निळसर पडले होते. त्यानं गाडी पाण्यात घातली.

मधोमध इंजिन खोकलं. चाकाखालचा गोटा सरकला, जीप तिरकी झाली, दारातून थंडगार पाणी आत शिरलं. म्हातारीनं पाय वर घेतले आणि एका दमात अल्लाचं नावही घेतलं, मुलाला शिव्याही घातल्या. बुरुलचानं पाय उचलले नाहीत. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं तरी ती डोळे मिटून तशीच पडलेली. जुमागाझीला नदीची भीती वाटली नाही, त्या न उचललेल्या पायांची वाटली. त्यानं दात आवळून पाय दाबला, आणि जीप कुरकुरत काठावर चढली.

तालुक्याच्या दवाखान्यात झारीपा नावाची डॉक्टरीण होती, जाडजूड, कमी बोलणारी. तिनं बुरुलचाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"लहानपणी सांधे सुजले होते का कधी?"

बुरुलचानं मान हलवली. सुजले होते.

"काळजाची झडप तेव्हाच अधू झाली असणार. आता ती नीट मिटतच नाही. रक्त मागं गळतंय."

"मेंढ्यांचा ताप आहे," म्हातारी म्हणाली.

"मघाशी रक्त तपासून बघितलं, अपा. तो नाहीये."

"तुझं यंत्र खोटं बोलतंय, पोरी."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून परत बघायला लावलं. नाहीये." झारीपानं बुरुलचाची बोटं उजेडात धरली, नखं निरखली. "दात दुखतो का?"

बुरुलचानं नाही म्हणून मान हलवली, आणि ओढणीचं टोक पटकन तोंडावर गेलं.

"तोंड उघडा बघू."

उघडेना.

जुमागाझीला तेव्हा कुठं दिसायला लागलं. ही बाई किती दिवस एकाच बाजूनं चावत होती. मांस पोरांच्या ताटात सारून आपण रश्श्यात भाकर भिजवून खात होती. आणि त्याला वाटत होतं, मायेनं करते.

दुखरी बाजू म्हणजे सोन्याची बाजू. लग्नातले कानातले वितळवून तिनं मागच्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवून घेतल्या होत्या. हसली की चमकायच्या. त्यांच्यावर ब्रश फिरवायचा नाही, सोनं झिजतं, असं तिच्या आईनं सांगून ठेवलेलं. म्हणून पुढचे दात घासायचे आणि मागं फडक्यानं नुसती चकाकी द्यायची. सोन्याला काय कीड लागतेय? खोऱ्यातल्या सगळ्या बायका तसंच करत.

"सोन्याला नाही लागत," झारीपा म्हणाली. "सोन्याखाली लागते. कडेनं घाण आत जाते, मुळाशी पू होतो. तिथले जंतू रक्तात उतरतात. सगळ्यांचं असं होत नाही, पण हिची झडप आधीच अधू. तिच्यावर त्यांनी घर केलंय असं मला वाटतंय. तिथून गुठळी सुटते आणि मेंदूत जाते. सकाळी हात गेला तो त्यानंच, नखांखालच्या रेघाही त्याच्याच."

"दातातून काळजात?"

"रस्ता एकच की, आके. रक्ताचा. तुमच्या गोळ्यांनी ताप नुसता दबला, मेला नाही."

"आता?"

"पुढची गुठळी मोठी असली तर हात परत यायचा नाही. बाईसुद्धा यायची नाही."

तिनं शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी जंतू ओळखायला आणखी रक्त काढा, मग शिरेतून औषध सुरू करा, मग तो दात काढून पाठवा. पुवाचा झरा तसाच ठेवून इकडं आणू नका. औषध सुरू झालं. दातवाले डॉक्टर हात धुऊन आले. आणि बुरुलचा तोंड उघडेना.

"अगं, मरशील!" जुमागाझी म्हणाला.

तिनं डोळ्यांनीच सासूकडं दाखवलं. सासूसमोर तिकडची सून जांभईसुद्धा हाताआड देते. आतला नासलेला दात उघडून दाखवायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"अपा, तुम्ही जरा बाहेर बसता?" झारीपानं विचारलं.

"का? तुम्ही माझ्या सुनेचं सोनं उपटणार आणि मी बाहेर बसू? दातानं कुणी मेलंय का आजवर? ताप आहे, तापाचं औषध द्या!" म्हातारीनं खुर्ची पुढं ओढली आणि सुनेच्या दंडाला धरलं. "चल गं, उठ. घरी जाऊ."

आणि बुरुलचा उठायला लागली. सासूनं उठ म्हटलं की उठायचं, एवढंच तिला ठाऊक. उठता उठता तिची मान कलली, डावा हात पुन्हा लोंबायला लागला, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता घरघराट आला.

जुमागाझी मध्ये आला. आईसमोर त्याचा आवाज आजवर चढला नव्हता.

"अपा! एखादी घोडी दाणा टाकून लाळ गाळायला लागली, वाळत चालली, तर तू आधी काय बघतेस?"

म्हातारीनं दंड आणखी घट्ट धरला.

"सांग ना! सगळं खोरं घोड्या दाखवायला तुझ्याकडं आणतं. काय बघतेस?"

"तोंड," म्हातारी पुटपुटली.

"मग घोडीचं बघतेस आणि हिचं बघायला काय झालं?"

"सुनेच्या गोष्टीत घोडी कशाला आणतोस, गाढवा," म्हातारी म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. ती सुनेच्या त्या लोंबत्या हाताकडं बघत होती. मग तिनं दंड सोडला, सुनेला परत खाटेवर निजवलं, दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली, आणि म्हणाली, "उघड."

बुरुलचाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं तोंड उघडलं.

वास खिडकीपर्यंत गेला. हिरडी काळीनिळी, टोपीच्या कडेनं पू. दातवाल्या डॉक्टरांनीही मान मागं घेतली. म्हातारीनं नाही घेतली.

"कधीपासून आहे हे?"

जीभ हळूहळू वळायला लागली होती. "लोकर कातरायच्या आधीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी तुमचं काही दुखलेलं बोललात, अपा?"

म्हातारीनं डॉक्टरांना खुणेनं पुढं बोलावलं आणि स्वतः पायथ्याशी जाऊन सुनेचे पाय घट्ट धरून उभी राहिली.

जुमागाझीला बाहेर घालवलं. भिंतीपलीकडून सोनं कापल्याचा किरकिर आवाज आला, मग काही तरी मोडल्याचा. मुळं कुजून भुसा झालेली, दात तुकड्या-तुकड्यानं निघाला. मधेच झारीपाचा आवाज, "हाताकडं बघा, हात हलतोय का बघा," आणि मग काहीच नाही. जुमागाझी भिंतीला कान लावून उभा राहिला. एवढा गप्पपणा त्यानं हिमवादळानंतरही ऐकला नव्हता.

दार उघडलं. "हलतोय," झारीपा म्हणाली. "गाडी तयार आहे. तुम्ही बसा तिच्याबरोबर."

शहरातही ताप लगेच सुटला नाही. रोज संध्याकाळी तो यायचा, आणि जुमागाझी खाटेशेजारी बसून तिची बोटं दाबायचा. तिनंही उलट त्याची बोटं दाबली की त्याच्या जिवात जीव. मग एका संध्याकाळी कपाळ गार लागलं. तो काही बोलला नाही, उगाच दृष्ट लागायला नको. दुसऱ्या संध्याकाळीही गारच. तेव्हा कुठं तो व्हरांड्यात जाऊन पोटभर रडला.

डॉक्टर म्हणाले, जगली. झडप गळकीच राहणार, औषधं लांबणार, पुढं कापावं लागेल की नाही ते नंतर बघू. पण उंचावरच्या कुरणावर आता जायचं नाही. बुरुलचानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. घोड्या, माणसं सगळी वर आणि आपण उन्हाळा खाली काढायचा म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कुठून कळावं.

सुयुमकान म्हातारी टेकडीवर चढून, जिथं फोन लागतो तिथून ओरडली, "जिवंत आहे ना? बास! घोड्या मी पिळते. दे तिला फोन."

बुरुलचानं फोन कानाला लावला. घोड्यांचं झालं, पोरांचं झालं, कुठली मेंढी लंगडते ते झालं. मग पलीकडं नुसता वारा.

"अपा? ऐकताय ना?"

"ऐकतेय," म्हातारी म्हणाली. आवाज एकदम बारीक झालेला. "ती डॉक्टरीण मला पण बोलावतेय. माझ्याही वरच्या दाढेत बरीच वर्षं आहे काही तरी. काढताना... फार दुखतं का गं?"

बुरुलचाची जीभ दात काढलेल्या रिकाम्या जागेवर फिरली.

"दुखतं, अपा," ती म्हणाली. "तरी जा तुम्ही."