बाराव्या घरावरची दृष्टी

चष्मेवाल्याच्या हाताला यश आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. काच कसलीही असो, तो ती अशी घासून बसवायचा की गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडताच समोरच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटायचं. तीस वर्षं त्याने लोकांना दिसतं करून दिलं. आणि त्याच्या पोटच्या पोरीला, ठकीला, एकोणिसाव्या वर्षी दिसेनासं व्हायला लागलं.

आधी ती दाराच्या चौकटींवर आपटायची. घरात सगळे हसायचे, "वेंधळी आहे नुसती!" मग एकदा जिन्याची पायरी चुकली आणि हसणं थांबलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा तपासून सांगितलं, "नंबरचा प्रश्न नाही. आतला पडदा कडेकडून वाळत चाललाय. यावर आज तरी औषध नाही."

"भिंग जाड केलं तर?" चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेलं. बाईंनी फाइल मिटली. शिकाऊ पोरानेही विचारला नसता असा प्रश्न होता, हे त्यालाही कळलं.

त्याच आठवड्यात ज्योतिषीकाका चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आले. जुनं गिऱ्हाईक. "काका, शेजारची पाटी वाचता येत नाही, आणि आकाशातलं वाचता होय?" अशी त्यांची थट्टा करायचा चष्मेवाल्याचा शिरस्ता. त्या दिवशी त्याने स्क्रू पिळला, चष्मा पुसला, पण हातातून सोडला नाही.

"काका, मला कुंडली शिकवा. भविष्य नको. घरं तेवढी समजावा."

काका काय ते समजले. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी चौकोन काढला, आत आडव्या-तिडव्या रेघा मारल्या. बारा घरं झाली.

"वरचं मधलं पहिलं. हे शरीर. इथून डावीकडे मोजत यायचं. दुसरं धन, कुटुंब, वाणी. तिसरं भावंडं. चौथं आई. पाचवं संतती. सहावं रोग, शत्रू. सातवं जोडीदार. आठवं मृत्यू. नववं भाग्य. दहावं काम आणि बाप. अकरावं लाभ. बारावं खर्च, नुकसान."

"आणि डोळे?"

काकांनी पहिल्या घराच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांवर बोट ठेवलं. "उजवा दुसऱ्यात, डावा बाराव्यात."

ठकीची पत्रिका कपाटात होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला ती काउंटरवर पसरून बसू लागला. एका घरात बसलेला ग्रह दुसऱ्या घरांकडे पाहतो, त्यालाही दृष्टीच म्हणतात, हे काकांकडून कळलं तेव्हा तो कसनुसा हसला. पण दोन दिवसांनी त्याचं हसू मावळलं. ठकीचा शनी दहाव्यात होता. शनीची तिसरी दृष्टी. दहा, अकरा, बारा. त्याने चारदा मोजलं.

"म्हणजे बापाच्या घरात बसून तो पोरीच्या डोळ्याकडे बघतोय," तो काकांना म्हणाला.

"असं तोडून वाचायचं नसतं रे. आणि दहावं घर म्हणजे तू नव्हेस."

पण ते त्याच्या मनातून जाईना. मग एका दुपारी त्याला आठवलं. ठकीच्या जन्माच्या वेळी तो दवाखान्यात नव्हताच. एका गिऱ्हाइकाला गावाला जायचं होतं, त्याचा चष्मा तो पुरा करत होता. मेव्हणीचा फोन आला आणि दुकानातल्या घड्याळात बघून त्याने लिहून ठेवलं: दहा पंचावन्न. ती फोनची वेळ होती. जन्माची नव्हती.

त्याने धावतच घर गाठलं. "अगं, ठकी नक्की किती वाजता झाली?"

"मला काय विचारता?" बायको म्हणाली. "मी गुंगीत होते. शुद्धीत असायला हवं होतं ते तुम्ही."

मेव्हणीला आठवत नव्हतं. दवाखाना पाडून तिथे गाड्यांचं गॅरेज झालं होतं. तो थेट काकांकडे गेला. "दहा मिनिटं आधी धरा. बदलतं का काही?"

काकांनी गणित केलं. "बदलतं. लग्न, म्हणजे जन्मवेळी उगवती रास, जेमतेम सुरू झालंय. दहा मिनिटं मागे गेलं तर आधीची रास येते. सगळे ग्रह एकेक घर पुढे. शनी अकराव्यात."

"मग बारावं सुटलं!"

"सुटलं." काकांनी चष्मा काढला. "पण मग तो पहिल्या घराकडे बघतो. आणि दहाव्या दृष्टीने आठव्याकडेही."

पहिलं शरीर, आठवं मृत्यू. आता ते चष्मेवाल्याला पाठ होतं. "मग करू काय मी?"

"मला वाचता येतं, बाबा," काका हळूच म्हणाले. "खोडता येत नाही. आणि वाचलेलंही दरवेळी खरं होतं असं नाही. पैसे घेऊन उपाय सांगणारे आहेत, पण त्यांच्याकडे मी तुला पाठवणार नाही."

त्या संध्याकाळी ठकीने काउंटरवरचे कागद डोळ्यांपाशी धरले. "बाबा, हे माझंच ना? मला काय होणार ते यात आहे?"

"काही कळत नाही गं त्यातलं," तो म्हणाला.

"तू दोन कुंडल्या काढल्यायस. दुसरी कुणाची?"

दुसरीही तिचीच होती, आणि तिच्यातली पोर त्याला पहिलीपेक्षा जास्त भेवडावत होती. ठकीने कागद नीट घडी करून त्याच्या हातात दिले. "बंद कर आता हे. परवा ती काठीने चालायला शिकवणारी शाळा दाखवायची आहे ना मला?"

वर्षभरात उजवा डोळा गेला, डाव्याला नळीतून बघावं तेवढं उरलं. ठकी त्या शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी पालकांना फाटकापाशीच थांबवलं. "बघा हवं तर. पण हाक मारायची नाही. तुमच्या हाकेच्या दिशेने वळली, तर ती रस्ता शिकणार नाही."

ठकी फुटपाथवर काठी टेकवत निघाली. पुढे एक हातगाडी आडवी लावलेली होती. काठी तिच्याखालून निघून गेली. चष्मेवाल्याने फाटकाचे गज घट्ट धरले. गाडीची लोखंडी कड ठकीच्या नडगीला लागली. ती वाकली, पाय चोळत उभी राहिली, आणि कुणीतरी बोलेल म्हणून मान वळवून थांबली.

तो तिथेच होता, वीस पावलांवर. बोलला मात्र नाही.